क्लच सोडताना

लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात धाकटी कामाला होती. माहेरी ती तीन बहिणींत शेवटची आणि सासरी धाकट्या मुलाची बायको, त्यामुळे चाळिशी उलटली तरी दोन्ही घरांत ती धाकटीच राहिली होती. लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिणं हे तिचं काम. कोणाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकायची, कोणाच्या लिफ्टचं दार उघडायचं नाही, कोणाचं बंद व्हायचं नाही. धाकटी सगळ्यांना सारख्याच गोडीने कळवायची की आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे. त्या ऑफिसात कोणी काही करत नसे. सगळं करण्यात येई. माणूस पाठवण्यात येई, दिलगिरी व्यक्त करण्यात येई, पण पाठवणारा कोण आणि दिलगीर नेमकं कोण झालं, हे पत्रात शोधूनही सापडत नसे. या भाषेचा तिला इतका सराव झाला होता की एकदा घरी दूध उतू गेलं तेव्हा "दूध उतू जाऊ देण्यात आलंय," असं ती सहज बोलून गेली आणि नवरा आठवडाभर जो भेटेल त्याला ते सांगत सुटला.

काम वाईट नव्हतं. पंखा डोक्यावर होता, खुर्चीची पाठ मागे झुकायची, साहेब तिरसट नव्हते. फक्त इतक्या वर्षांत एकाही माणसाने उलट टपाली कळवलं नव्हतं की लिफ्ट सुरू झाली. दुरुस्त झाली की लोक गप्प व्हायचे. त्यामुळे धाकटीच्या टेबलावरून पाहिलं तर जगातली प्रत्येक लिफ्ट बंदच होती.

त्या वर्षी सासऱ्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. शस्त्रक्रिया झाली, पण डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. सासरे रोज सकाळी दारातली गाडी धुवायचे, पुसायचे, आत बसून आरसा नीट करायचे आणि उतरायचे. खरी अडचण सासूबाईंची झाली. त्या पुढच्या खोलीत शिवणमशीनवर पडदे शिवायच्या. गिऱ्हाइकं गावभर पसरलेली. तयार पडदे पोचवायचं काम आजवर सासरे करत आले होते. आता कधी मुलाची विनवणी, कधी रिक्षावाल्याची. एका सकाळी चहा पिताना सासूबाई म्हणाल्या, "मी शिकते गाडी."

नवरा हसला. सासरे हसले नाहीत, त्यांनी पेपरचं पान उलटलं. सासूबाईंना ते जास्त लागलं.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय."

"ऐकलं," सासरे म्हणाले. "या वयात?"

"वय गाडीला कळतं का?"

पहिले गुरू सासरेच झाले. पहिला धडा फाटकापासून गल्लीच्या तोंडापर्यंत चालला. तिथून दोघं रस्त्याच्या दोन बाजूंनी वेगवेगळे चालत घरी आले आणि गाडी आणायला मुलाला पाठवावं लागलं. दुसरा गुरू मुलगा. आपल्याकडे भरपूर सहनशक्ती आहे असं तो स्वतःच सांगायचा. शेजारी बसून तो एका दमात तीन गोष्टी सांगे आणि चौथी का झाली नाही म्हणून विचारी. "आई, बघ. आई, समोर बघ. अगं आई, गिअरकडे काय बघतेस?" शेवटी त्याने घरी येऊन जाहीर केलं की आईचा पाय आणि आईचं डोकं यांची एकमेकांशी ओळखच नाही. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी ते ऐकलं. पुढे दोन दिवस त्या मुलाशी धाकटीमार्फत बोलत होत्या. "त्याला विचार, जेवणार आहे का." तो समोरच बसलेला.

मग धाकटीची पाळी आली. तिला गाडी येत होती, फक्त ऑफिसमुळे पडदे पोचवायला वेळ नसे, आणि आता दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

रविवारी दोघी गाडी घेऊन घाऊक बाजाराच्या मागच्या मैदानावर गेल्या. आठवडाभर तिथे मालाचे ट्रक उभे असायचे. रविवारी सिमेंटची ती लांबरुंद जागा ओस पडायची आणि गाडी शिकणारे तिथे जमायचे. धाकटीला त्या आठवड्यात सणकून सर्दी झाली होती आणि सकाळी उठली तेव्हा घसा पार बसला होता. शब्द काढायला गेलं की नुसती हवा यायची.

"राहू दे मग आज," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर सुटकेचा आनंद लपत नव्हता. धाकटीने मान हलवून नाही म्हटलं आणि किल्लीकडे बोट दाखवलं.

गाडी सुरू झाली. सासूबाईंनी क्लच सोडला. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. त्यांनी खालमानेने शेजारी बघितलं. एरवी इथे कोणीतरी ओरडायचं. धाकटी काहीच बोलली नाही, तिला बोलताच येत नव्हतं. पुन्हा किल्ली, पुन्हा गचका, पुन्हा बंद. असं किती वेळा झालं कोण जाणे. धाकटी हातरुमालात शिंकत होती आणि मनात म्हणत होती की आता यांना काय सांगावं हे मला आवाज असता तरी सुचलं नसतं.

एकदा मात्र सासूबाईंचा पाय अर्ध्यावर थांबला. गाडी बारीकशी थरथरत जागीच उभी राहिली.

"आवाज बदलतो गं," त्या म्हणाल्या.

"कुठे?" धाकटीने ओठांनीच विचारलं.

"इथे. आता. मशीनखाली जाड शिवण आली की कसा जड होतो आवाज, तसा."

"शिवण जाड आली की पाय काय करतो?" धाकटी घोगऱ्या कुजबुजीत म्हणाली.

"काय करणार, जपून पुढे जातो. नाहीतर सुई मोडते की."

एवढं बोलून त्यांनी पायाकडे बघितलं. थोडा विचार केला, पुन्हा पाय वर आणला, आवाज जड झाला तिथे धरला, आणि मग इतक्या हळू सोडला की गाडी हलली हे दोघींना समोरची भिंत जवळ यायला लागली तेव्हा कळलं.

"चालली," सासूबाई हळूच म्हणाल्या, जणू मोठ्याने म्हटलं तर थांबेल.

चालली खरी, पण थांबवायचं कसं हे त्या आनंदात विसरायला झालं. भिंतीपासून हातभर अंतरावर त्यांना ब्रेक आठवला. धाकटीचं कपाळ पुढे आपटता आपटता राहिलं. दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. धाकटीच्या हसण्याला आवाज नव्हता, म्हणून सासूबाईंना आणखी हसू आलं.

"मग बाबांजवळ, यांच्याजवळ का नाही जमलं तुम्हाला?" घरी जाताना धाकटीने कसंबसं विचारलं.

"त्या दोघांनी इंजिन ऐकू कुठे दिलं? एक या कानात, एक त्या कानात."

सोमवारी धाकटी ऑफिसात बसली तेव्हा तिच्या समोर पाच तक्रारी होत्या आणि कानात तो एक शब्द होता. चालली. तिने दुपारपर्यंत एकच पत्र लिहिलं. त्यातही 'लिफ्ट' लिहायच्या जागी 'क्लच' लिहिलं गेलं, त्याभोवती साहेबांनी लाल शाईने गोल काढला.

पुढच्या रविवारपर्यंत घसा सुटला, तरी धाकटी गाडीत कमीच बोलायची. फार तर "ऐका" म्हणायची, किंवा "पुन्हा". सासूबाई वळायला शिकल्या, मग रिव्हर्स घ्यायला. रिव्हर्समध्ये त्यांची गाडी हमखास तिरकी जायची. तेव्हा धाकटी उतरून मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला वाचवा आणि या." त्या सरळ आल्या.

मैदानाच्या कडेला एक जाडजूड गृहस्थ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे बघत असत. त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती, दोन गाड्यांची. जन्मभर "ब्रेक, ब्रेक" ओरडून त्यांचा आवाज फाटला होता. सगळे त्यांना मास्तर म्हणत. एका रविवारी ते खुर्चीसकट जवळ आले.

"बाई, कुठल्या स्कूलच्या तुम्ही?"

"कुठल्याच नाही. या माझ्या सासूबाई. मी आपली शेजारी बसते."

"नुसतं बसणं फार अवघड असतं," मास्तर म्हणाले. "माझ्याकडे पाच जणांना जमलं नाही. तिघं शिव्या देतात, दोघं झोपतात." मग सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "माझी एक बाई होती शिकवायला, लग्न करून परगावी गेली. बायका विचारायला येतात, शिकवणारी बाई आहे का म्हणून. नाही म्हटलं की जातात. परवान्याचं वगैरे मी बघेन. विचार करा."

धाकटीने हसण्यावारी नेलं. पण ती गोष्ट तिच्याबरोबर घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर येऊन बसली.

दरम्यान सासूबाईंची परीक्षा झाली. शेजारी बसलेला निरीक्षक सवयीने सूचना देत होता. इकडे घ्या, जपून, अहो बाई, पुढे बघा. चौकाजवळ सासूबाई अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "साहेब, जरा थांबता का? इंजिन ऐकू येत नाहीये." निरीक्षक इतका चकित झाला की परत येईपर्यंत बोललाच नाही. लायसन्स मिळालं. सासूबाईंनी त्याच दिवशी स्वतः पडदे पोचवले, आणि सासरे मागच्या सीटवर पडद्यांना धरून बसले होते.

त्या रात्रीच्या जेवणाला धाकटीने विषय काढला.

"मास्तरांनी मला शिकवायला बोलावलंय."

"कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"शिकवायला म्हटलं ना."

"म्हणजे नोकरी सोडून?"

"विचार करतेय."

नवऱ्याने घास खाली ठेवला. "हे बघ, शिकवायचंच असेल तर शाळेत शिकव, कॉलेजात शिकव. लोक म्हणतील तरी, बाई शिक्षिका आहे. गाडी शिकवणारीला काय म्हणतात?"

"काय म्हणतात?"

त्याने आमटीची वाटी बाजूला सरकवली. "आणि मोठी माणसं शिकवणं म्हणजे काय माहितीये? ती आधीच बिघडून आलेली असतात."

"बिघडलेल्या गोष्टींचा मला अनुभव आहे," धाकटी म्हणाली.

तिला वाटलं होतं, निदान सासूबाई तरी आपल्या बाजूने उभ्या राहतील. पण त्याच सगळ्यात जास्त उखडल्या.

"अजिबात नाही. मला शिकवलंस ते घरातलं माणूस म्हणून. परक्यांची बोलणी ऐकत उन्हातान्हात कशाला फिरायचं? चांगलं पंख्याखाली बसायला मिळतंय."

"आई, तुम्हीच म्हणालात ना, वय गाडीला कळतं का?"

"ते माझ्या वयाबद्दल म्हटलं. तुझ्या पगाराबद्दल नाही."

मग आतापर्यंत ताटाशी मन लावून बसलेले सासरे बोलले. "सगळा जन्म मी गाडी चालवली. हिला मात्र गल्लीच्या पुढे नेता आलं नाही मला. चालवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, हे मला आत्ता या वयात कळलं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तिला येतंय तर करून बघू दे की. ऑफिसात रजा टाक आठवडाभर. नाहीच जमलं तर पंखा कुठे पळून जातोय?"

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. नवऱ्याने घास उचलला. ठरलं.

रजेच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी धाकटीला शिकाऊ गाडीत बसवलं. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता. तो बघून तिला धीर आला. बायका येतील अशा तयारीने ती बसली होती. आला तो इमारतीची कामं घेणारा एक कंत्राटदार. अंगाने आडवा, खिशात दोन फोन, आणि इतकी वर्षं ड्रायव्हरच्या मागे बसून आपल्याला सगळं कळलंय याबद्दल तिळमात्र शंका नसलेला.

धाकटीने आपली पद्धत वापरली. ती गप्प बसली.

कंत्राटदाराने त्या गप्प बसण्याचा अर्थ 'वा, छान' असा घेतला. गाडी सुसाट निघाली. आरशात बघणं त्याला मान्य नव्हतं. मागचं मागे राहिलं, असं त्याचं म्हणणं. मैदानाच्या टोकाला रिकाम्या खोक्यांचा ढीग होता. धाकटीने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.

"गाडीत काही बिघाड आहे का?" त्याने विचारलं.

"नाही. मी दाबला."

"कशाला? मी थांबवणारच होतो." तेवढ्यात एक फोन वाजला आणि त्याने तो उचललासुद्धा. सिमेंटची गाडी कुठे अडकली याची चौकशी करून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, इथे मजा नाही. मेन रोडला घेऊ."

धाकटीला घाम फुटला. सासूबाईंना भीती होती, ती काढायची होती. या माणसात भीती औषधालाही नव्हती, ती आणायची कुठून? ओरडावं तर मास्तरांचे ते तिघं ओरडतच होते. काय बोलावं हे न सुचून तिच्या तोंडून जे रोज निघायचं तेच निघालं.

"आपल्या विनंतीची नोंद घेण्यात आली आहे," ती म्हणाली.

कंत्राटदाराचा हात गिअरवरच थांबला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. परवानग्यांसाठी खेटे घालताना कितीतरी खिडक्यांसमोर त्याने तो ऐकला होता, आणि त्या आवाजाशी हुज्जत घालून उपयोग नसतो हे त्याला जगात कोणापेक्षाही चांगलं माहीत होतं.

"किती दिवस लागतील?" त्याने नरमाईने विचारलं.

"त्रुटींची पूर्तता झाल्यावर विचार करण्यात येईल."

"त्रुटी काय आहेत?"

"आरसा बघितलेला नाही. वळताना सिग्नल दिलेला नाही. फोन चालू आहे."

त्याने दोन्ही फोन बंद करून मागच्या सीटवर टाकले. आरसा बघितला. मैदानाची एक फेरी मारली, वळताना सिग्नल दिला, गाडी रेघेवर थांबवली आणि म्हणाला, "पूर्तता केली."

धाकटीला हसू आवरत नव्हतं, पण तिने ते आवरलं. "पुन्हा," ती म्हणाली.

आठवड्याच्या शेवटी त्याला मेन रोड मंजूर झाला. तिथे पहिल्याच बसच्या हॉर्नला तो दचकला आणि त्याने गाडी कडेला घेतली. "मॅडम, ड्रायव्हर लोक हे रोज करतात?" त्याने विचारलं. तेव्हा धाकटी ऑफिसच्या आवाजात बोलली नाही. म्हणाली, "करतात. तुम्हालाही जमेल. आधी श्वास घ्या." आणखी दोन बस शेजारून गेल्या, मग त्याने स्वतःच आरसा बघून गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

सोमवारी ती राजीनामा घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी तो दोनदा वाचला, कारण दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय ते कशालाच खरं मानत नसत.

"मी सोडतेय, असं लिहिलंय तुम्ही," ते म्हणाले.

"हो."

"'नोकरी सोडण्यात येत आहे' असं नाही लिहिलं."

"नाही. सोडतेय मी."

साहेबांनी चष्मा काढला. "बसा. मी पण शिकवत होतो, माहितीये? इथे लागण्याआधी. शाळेत, गणित. दोन महिने टिकलो. मुलं मला घाबरत नव्हती, मीच मुलांना घाबरायचो. इथे आलो तेव्हा हायसं वाटलं. पत्रं उलट बोलत नाहीत."

"आता कधी वाटतं का, परत जावं?"

"छे," साहेब चटकन म्हणाले. मग जरा विचार करून पुन्हा म्हणाले, "छे." आणि या वेळी ते खरंच वाटलं. त्यांनी सही केली. "तुम्ही घाबरत नाही ना?"

"घाबरते," धाकटी म्हणाली. "पण माझ्या पायाशी ब्रेक असतो."

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पगार घटला. नवऱ्याने तोंडाने काही म्हटलं नाही, फक्त घरातले दिवे मालवत फिरायची नवी सवय लावून घेतली. खिडकीकडचा हात उन्हाने रापला, दुसरा गोराच राहिला. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दोन्ही हात शेजारी शेजारी धरायला लावून दाखवत. एक औषधांचा दुकानदार महिनाभर शिकून गेला आणि त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. गप्प बसून झालं, बोलून झालं, नोंद घेऊन झाली. त्याने शांतपणे सांगितलं की मला सायकलच बरी. त्या दिवशी धाकटी घरी आली ती सरळ भांडी घासायला बसली. तुमच्याकडूनही कोणी असं न शिकता गेलंय का, असं मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "माझे असे किती गेले, मोजायचं मी सोडून दिलं. पण तोंडं सगळ्यांची आठवतात."

अलीकडे तिच्याकडे एक बाई येते, वाचनालयात काम करणारी. इतकी हळू बोलणारी की इंडिकेटरची टिकटिक तिच्यापेक्षा मोठी वाटते. परवा दोघी पहिल्यांदाच भर रस्त्यावर होत्या. सिग्नलला गाडी थांबली. वाचनालयवालीने स्टिअरिंग घट्ट धरून, समोरच बघत विचारलं, "तुम्ही पहिल्यापासून हेच करता?"

"नाही. आधी मी..." धाकटीने सुरुवात केली.

सिग्नल हिरवा झाला. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले, एक, दोन, मग सगळेच. वाचनालयवालीचे कान लाल झाले.

"सगळे बोंबलतायत," ती म्हणाली. आजवर तिच्या तोंडून निघालेला हा सगळ्यात मोठा आवाज होता.

"बोंबलू देत," धाकटी म्हणाली. "त्यांना काम आहे, आपल्यालाही आहे. किल्ली फिरवा."